एका हाताच्या अंतरावर

आमच्या नाटक मंडळीत नटांना रंग लावणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे पावडरमामा म्हणत. बावीस वर्षं त्यांनी माझा चेहरा रंगवला. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा होता, आणि त्याचा स्वतःचा चेहरा बदलत गेला तो मला दिसला नाही. का नाही दिसला? कारण मी आरशात बघत होते. आरशात कोण असतं, हे नटीला विचारू नये.

मामांचा जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, नाक पसरलं, आवाज घोगरा झाला. चपला दोन नंबरांनी वाढल्या. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. दातांच्या डॉक्टरने दात पाहिले आणि तार सुचवली. हाडांच्या डॉक्टरने मनगट पाहिलं आणि पट्टा दिला. घोरण्यासाठी तिसऱ्याने नाकात घालायचे थेंब दिले. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहून आपापली फी घेतली. अख्खा माणूस बघायला कुणालाच वेळ नव्हता.

मग मामांना कडेचं दिसेनासं झालं. समोरचं स्वच्छ, पण दोन्ही बाजूंना अंधार, झापडं लावलेल्या घोड्याला असतो तसा. दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागले. एका प्रयोगाआधी माझ्या कानशिलापाशी रंग लागायचा राहून गेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, डोळे घरी ठेवून आलात का?"

सगळे हसले. मामाही हसले. पुढच्याच महिन्यात मालकांनी त्यांना घरी बसवलं, आणि मी, जिचा शब्द मालक खाली पडू देत नसत, ती गप्प बसले.

पुढची दोन वर्षं मामा चष्मे बदलत राहिले. शेवटी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणाऱ्या मुलीने, तिसरा चष्मा विकायचा सोडून, त्यांच्या कानांजवळ बोटं हलवून पाहिली. "काका, हे चष्म्याचं काम नाही. आधी डोक्याचा फोटो काढून या." मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ वाढली होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. हात, पाय, जबडा, घोरणं, सगळं त्या एका गाठीचं कर्तृत्व!

सरकारी इस्पितळाने शस्त्रक्रियेसाठी अकरा महिन्यांनंतरची तारीख दिली. नसा फार तर तीन महिने तग धरतील, असं त्याच इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं. कागद एकच, शिक्काही एकच. खासगी इस्पितळाने आकडा सांगितला, तेव्हा मामी काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "एवढ्यात गाठ काढता, की सोन्याची बसवता?"

परदेशातल्या एका इस्पितळाने मात्र, विमानाची तिकिटं धरून, त्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होईल असं कळवलं. मी माझ्या बांगड्या मोडल्या. उपकार नव्हे, दंड भरला. मी आणि मामी, दोघीही मामांबरोबर निघालो.

तिथल्या सर्जनने जुने फोटो मागवले होते, वर्षवार. आजार कधीपासूनचा ते त्यांना पाहायचं होतं. मामांच्या घरी दोनच फोटो निघाले. मी माझे आल्बम उघडले. शेकडो फोटो: राणी झालेली मी, विधवा झालेली मी, रंगपटात खुर्चीवर बसलेली मी. मामा एकातही नाहीत. आहे तो त्यांचा हात. फोटोच्या कडेने आत आलेला, पफ धरलेला, माझ्या गालाशी टेकलेला. ते फोटो मी ओळीने मांडले. पहिल्या फोटोत बोटं निमुळती होती. शेवटच्या फोटोत बोटांखाली पफ दिसतच नव्हता. आणि यातलेच काही फोटो माझ्या दिवाणखान्यात टांगलेले होते हो!

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी मामांना अडवलं.

"हा फोटो तुमचा नाही."

"माझाच आहे, साहेब. नऊ वर्षांपूर्वीचा."

"नऊ वर्षांत एकही शिक्का नाही?"

"मंडळीबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. ऐन वेळी माझं तिकीट कापलं."

त्या दौऱ्यावर मी गेले होते. रंग आमचा आम्ही लावला होता आणि मामांना तिथून एक किल्ल्यांची साखळी आणली होती. किती ते औदार्य!

मामी पुढे सरसावल्या. "साहेब, पस्तीस वर्षं ह्यांच्या घोरण्याशेजारी झोपतेय. घोरणं बदललंय, नवरा तोच आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. मग मी फोटोंचा गठ्ठा काचेखालून सरकवला आणि रंगमंचावरच्या आवाजात आजाराची सगळी कथा सांगितली. त्यांनी एकेक फोटो पाहिला.

"यात हे कुठे आहेत? सगळीकडे तुम्हीच आहात."

आयुष्यात माझ्यावर टीका पुष्कळ झाली. एवढी खरी कुणी केली नव्हती.

त्यांच्या वरच्या साहेबांनी इस्पितळाचं पत्र वाचलं, दोन ठिकाणी फोन केले, मामांच्या अंगठ्याचा ठसा घेतला. विमान सुटायला थोडाच वेळ उरला असताना शिक्का बसला. त्याआधी मामा तासभर भिंतीशी उभे होते, चोरासारखे. त्यांना बसायला खुर्ची मी मागितली तेव्हा मिळाली.

शस्त्रक्रिया नाकातून झाली. गाठ निघाली. नंतरचे नियम कडक होते: नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, ओरडायचं नाही. तिसऱ्या दिवशी सर्जन आले आणि मामांच्या कडेला बोट हलवू लागले. उजवीकडचं बोट मामांनी लगेच ओळखलं. मामींनी माझा हात घट्ट धरला. डावीकडे बोट हललं, पुन्हा हललं, पुढे पुढे येत राहिलं. मामा शांतपणे वाट बघत होते. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "हं, आता दिसलं."

सर्जन बोलले आणि दुभाषी मुलीने खाली बघत सांगितलं, "उजवीकडचं परत आलंय. डावीकडची नस फार काळ दबलेली होती. ती बाजू बहुतेक येणार नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर दोन्ही वाचल्या असत्या."

ते गेल्यावर मामा म्हणाले, "बाई, इकडे या. तिकडे नको, समोर या."

मी समोर उभी राहिले. बावीस वर्षांत त्या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवता येत नव्हता. ते कुजबुजत बोलले.

"तुमचा चेहरा मला पाठ होता. रात्री झोप झाली नसली, घरी भांडण झालं असलं, तर हात लावायच्या आधी मला कळायचं. मला एकाने, फक्त एकाने विचारलं असतं, मामा, तुमच्या तोंडाला काय झालंय? फुकटचा प्रश्न होता हो."

"अहो, हळू," मामी म्हणाल्या.

"हळूच बोलतोय. ओरडायला बंदी आहे, म्हणून ह्या वाचल्या."

माझ्याकडे जन्मभर पाठ केलेली पल्लेदार वाक्यं होती. एकही कामाचं नव्हतं. मी खाली मान घातली, खोलीबाहेर पडले, चार जिने उतरून इस्पितळाच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे गेले, आणि मामांच्या वाट्याचं ओरडले. मालकांच्या नावाने, दातांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांच्या नावाने, अकरा महिन्यांच्या त्या तारखेच्या नावाने, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्याने, स्वतःच्या नावाने.

रखवालदार धावत आला. त्याला माझी भाषा येत नव्हती. त्याने मला पाणी दिलं, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि हातवाऱ्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का?

अनोळखी माणूस. पहिल्या नजरेत विचारलं त्याने.

तो गेल्यावर मी पुन्हा ओरडले.