सापडलं तरी शोधणारा प्रोग्राम

मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीचा वास आला की मला कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवलेला पहिला तास आठवतो. तो जमला तर नोकरी, असं क्लास चालवणारे सर मुलांसमोरच म्हणाले होते आणि स्वतः दाराशी उभे होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत समजावताना मी अडखळत होते. पायथनचा प्रोग्राम सोपा होता, तेच काम पुन्हा पुन्हा करणारे दोन लूप, एकात एक: बाहेरचा लूप एकेका शेडमध्ये जाणार, आतला लूप तिथली हळदीची पोती तपासणार आणि हवं ते पोतं मिळालं की ब्रेक, म्हणजे थांबायचं. चालवला तर पहिल्याच शेडमध्ये ‘सापडलं’ आलं आणि त्याखाली दुसऱ्या शेडचा शोध सुरू झाला, मग तिसऱ्याचा. “म्याडम, सापडलं तरी हे काहून शोधून राहिलं?” पुढच्या बाकावरची बुरख्यातली मुलगी म्हणाली. “त्याला बी नोकरी पक्की करायची असंल,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, सरही. “ब्रेकनं फक्त आतला लूप थांबतो,” मी कशीबशी म्हणाले, “बाहेरच्याला काही कळलेलंच नाही.” “मग त्याला कळवा की,” ती मुलगी म्हणाली. मी दोन्ही लूप एका फंक्शनमध्ये घातले, ब्रेकच्या जागी सगळ्या फंक्शनमधूनच बाहेर काढणारं रिटर्न लिहिलं आणि पुन्हा चालवलं. ‘सापडलं’ आलं आणि प्रोग्राम तिथंच थांबला. सर नोकरीचं न सांगताच निघून गेले, त्यामुळे उरलेला तास माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सोमवारपासून या, असं त्यांनी शेवटी जिन्यात सांगितलं. आता प्रत्येक बॅचला मी तो प्रोग्राम आधी मुद्दाम चुकीचा चालवते आणि कोणीतरी प्रश्न विचारेपर्यंत गप्प राहते. ती शांतता मला अजूनही सोसवत नाही.