मंत्रिमंडळ बदललं आणि महादेवी चुडाव्याला गेली

सोनपेठच्या बाजारात महादेवीचं साड्यांचं दुकान. त्या दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर एकही नव्हतं. गादीवर, पायऱ्यांवर सगळे पक्षाचेच लोक. मुंबईत मंत्रिमंडळात फेरबदल होत होता आणि जिल्ह्याचे राज्यमंत्री दिनकरराव आता कॅबिनेट मंत्री होणार, हे पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं. बाहेर हलगीवाले जाळावर हलग्या तापवत बसले होते. पेढ्यांचे खोके येऊन पडले होते. महादेवी पक्षाच्या महिला आघाडीची तालुकाध्यक्ष, त्यामुळं टीव्ही तिच्याच दुकानात लावलेला.

नवरा गेला तेव्हा हीच महादेवी चार माणसांसमोर बोलायला बिचकायची. "ताई, तुम्ही चांगलं बोलता," म्हणत दिनकररावांनी तिला पहिल्यांदा सभेत उभं केलं. त्यानंतर ती गावोगाव बोलत फिरली. उन्हातान्हात प्रचार केला, मोर्चात पोलिसांचे धक्के खाल्ले. दिनकररावांना ती भाऊ म्हणायची, आणि भाऊंचा शब्द तिनं खाली पडू दिला नाही.

त्या शब्दापायीच तिची धाकटी बहीण तुटली होती. शिवरंजनी चुडाव्याला दिलेली. तिचा नवरा चन्नबसप्पा योगीराजांच्या गटातला. योगीराज म्हणजे दिनकररावांचे हाडवैरी. साऱ्या जिल्ह्यात गावंच्या गावं या दोघांनी वाटून घेतलेली. विधानसभेच्या प्रचारात महादेवी भर सभेत बोलून गेली होती, "माझी सख्खी बहीण का असंना, गद्दारांच्या घरचं पाणी मी पिणार न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तो व्हिडिओ चुडाव्यापर्यंत पोचला.

तरीही शिवरंजनीनं मुलीच्या, राजेश्रीच्या लग्नाचं आवतण धाडलं. महादेवीनं भाचीसाठी पैठणी काढून ठेवली. जायच्या आदल्या दिवशी दिनकररावांचा फोन आला. लग्नाला योगीराज येणार आहेत, तुम्ही तिथं दिसलात तर लोक काय म्हणतील? महादेवी गेली नाही.

टीव्हीवर एकेक जण शपथ घेत होता. दिनकररावांचं नाव काही येईना. आणि मग माईकवरून नाव पुकारलं गेलं ते योगीराजांचं.

"ह्यो हितं कसा?" पक्षाचा जुना कार्यकर्ता लिंबाजी उठून टीव्हीजवळ गेला. "ह्यो तर विरोधातला हाय!"

खालच्या पट्टीवर उत्तर सरकत होतं. योगीराजांचा गट सकाळीच सरकारात सामील झाला होता. दिनकररावांना मंत्रिमंडळातून वगळलं होतं. तेवढ्यात कॅमेरा फिरला आणि पहिल्या रांगेत दिनकरराव दिसले. टाळ्या वाजवत होते. शपथ संपली तसे पुढं झाले आणि त्यांनी योगीराजांना कडकडून मिठी मारली.

कुणीतरी महादेवीपुढं पाणी धरलं, ते तिला दिसलंच नाही. तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं दिनकरराव स्वतः बोलले. आवाजात दुःखाचा मागमूस नव्हता.

"ताई, वरूनच ठरलं. आपल्याला महामंडळ द्यायलेत. जिल्ह्याला मंत्रिपद मिळालं हे महत्त्वाचं. हलगी वाजू द्या, पेढे वाटा. योगीराज आता आपलेच."

"आपलेच?" महादेवीनं विचारलं. "भाऊ, मंग मी त्या लग्नाला गेले न्हाई, ते?"

"कोणतं लग्न?" दिनकररावांनी विचारलं.

तिनं फोन खाली ठेवला. माणूस खोटं बोलला असता तर तिनं भांडण तरी केलं असतं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

"साहेबांचा मला बी निरोप आलाय, वाजवा," लिंबाजी बाहेर जाऊन म्हणाला, आणि हलगी कडाडली. महादेवीनं दुकानातल्या सगळ्यांना उठवलं, शटर ओढलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं परभणीची एसटी धरली. तिथून रेल्वेनं चुडाव्याला उतरली. स्टेशनपासून घरापर्यंत तिनं कितीदा तरी मागं वळायचं ठरवलं.

चन्नबसप्पा दारातल्या बाजेवर बसला होता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. तिला बघून गडबडीनं उठला आणि हात जोडले.

"शरणार्थ, अक्का."

"शरणार्थ. बरे हाव न्हवं?"

"काय बरं? आमाला बी टीव्हीवरच कळालं. ज्यांच्याबरुबर डोकी फोडून घेतली, आता त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसा म्हणायलेत."

आवाज ऐकून शिवरंजनी बाहेर आली. हात पिठानं भरलेले. क्षणभर तिचा डोळ्यांवर विश्वासच बसला नाही.

"दोगी एका पक्षात आलो म्हणून आलीस का, अक्का?"

महादेवीनं पायरीशी चप्पल काढली.

"मला तेवढं सांग," शिवरंजनी म्हणाली. "उद्या ते दोघं पुन्हा फुटले, तर पुन्हा माझ्या दारचं पाणी कडू होणार का? लेकीच्या लग्नात मावशीची जागा मोकळी ठेवली होती मी. लोक विचारायचे, आन् मी सांगायचे, गाडी चुकली आसंल."

महादेवी ओट्यावर बसली. सभा गाजवणाऱ्या बाईला एक वाक्य जुळवता येत नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आता मी कुणाच्याच पक्षात न्हाई, रंजे. माझं लय चुकलं."

शिवरंजनी आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून आदळल्यासारखा पुढं ठेवला. महादेवीनं तांब्या तोंडाला लावला.

"राजेश्रीला फोन लाव की," ती म्हणाली.

"तूच लाव. नंबर देते. उचलणं न उचलणं तिच्या मर्जीवर."

राजेश्रीनं उचलला, मावशीचा आवाज ओळखला आणि ठेवून दिला. शिवरंजनीनं बहिणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "जेवून जा. भाकरी टाकायलेय."

पुढं नव्या मंत्र्यांचा सोनपेठला सत्कार ठरला. लिंबाजी दुकानात आला. "अक्का, ओवाळायला तुमीच पायजे. दोन्ही साहेब एकाच गाडीतून यायलेत."

"मला गिऱ्हाईक हाय," महादेवी म्हणाली. खरंच एक म्हातारी नऊवारी बघत बसली होती. महिला आघाडीला दुसरी अध्यक्ष मिळाली. महादेवीला राजीनामा मागायलाही कुणी आलं नाही, आणि याचा धक्का तिला कितीतरी दिवस पुरला.

राजेश्रीनं दिवाळीनंतर एकदा फोन उचलला. फारसं बोलली नाही. सोनपेठच्या बाजारात ज्वारीचा काय भाव चाललाय, एवढंच तिनं विचारलं, आणि महादेवीनं तिला तो सावकाश, नीट सांगितला.