धुळ्याच्या स्टँडपर्यंतच खरं

हे असं पहिल्यापासून शेवटपर्यंत मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला अर्धं माहीत आहे, पण ते तिनं ओळखलेलं, मी सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. बसा जरा. मी बोलका माणूस, बोलण्यावरच माझं पोट आहे – तरी हे एवढंसं बोलायला मला दहा वर्षं लागली.

मी जळगावात लाइफ कोच आहे. हसू नका. सुरुवातीला आमच्या गल्लीत लोक विचारायचे, कोच म्हणजे काय शिकवता, क्रिकेट की कबड्डी? मग मी सांगायचो – अहो, माणूस कुठं अडला की त्याच्याशी बोलायचं, पुढचं पाऊल त्याचं त्यालाच सापडेल असं बघायचं. यातही डॉक्टरांसारखे प्रकार असतात. कुणी करिअरचा, कुणी तब्येतीचा, कुणी निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा, कुणी नुसत्या आत्मविश्वासाचा. माझ्या पाटीवर नावाखाली लिहिलेलं आहे – म्हणजे होतं – ‘तुटलेली नाती : विशेष मार्गदर्शन’.

ती ओळ तिथं आली कशी, ते सांगतो.

पुण्याला कोर्स केला होता. शेवटच्या दिवशी सरांनी एकेकाला उभं केलं. म्हणाले, एक क्षेत्र निवडा आणि त्यामागचा तुमचा स्वतःचा अनुभव सांगा; अनुभव नसेल तर लोक तुमच्यापुढं मन कशाला उघडतील? माझा नंबर येईपर्यंत करिअर सहा जणांनी नेलं होतं. तब्येतवाले चौघं होते, आणि माझं पोट बघता तिकडं जायची सोयच नव्हती. मी उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, ‘नाती.’ आता अनुभव काय सांगायचा? मी अक्काची गोष्ट सांगितली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्याला दिलेली. आई गेली तेव्हा तेराव्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली, आईला डॉक्टरकडं आधीच न्यायला हवं होतं. खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच झोंबलं ना! मी म्हणालो, ‘तुझं घर धुळ्याला आहे. इथं पाहुणीसारखी येत जा.’ आईच्या घरात, आईच्या तेराव्याला – पाहुणी. अक्का जेवली नाही. पिशवी उचलली आणि गेली.

आता आमच्या खान्देशातलं एक तुम्हाला सांगायला हवं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचं कुणीतरी आणायला जावं लागतं. फोन करून चालत नाही, दारात उभं राहावं लागतं. आमच्याकडून जाणारा मी एकटाच. पहिल्या वर्षी मी गेलो नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. वाट कसली बघत होतो? तिनं आधी बोलावं याची. मोठा मानी!

तिसऱ्या वर्षी बायकोनं सांजोऱ्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, जा आता. गेलो. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो, एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. तिनं तोंडावर दार लावलं तर? ‘या पाहुणे’ म्हणाली तर? तिथून तिचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. मी समोर लागलेल्या जळगावच्या गाडीत बसलो. घरी सांगितलं, अक्काच्या घराला कुलूप होतं. बायकोनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सांजोऱ्या परत डब्यांत लावल्या.

पुण्यात मी स्टँडपर्यंत सगळं खरं सांगितलं. पुढचं रचलं. रिक्षा केली, दार वाजवलं, अक्का गळ्यात पडून रडली, ‘उशीर केलास रे’ म्हणाली आणि तासाभरात पिशवी भरून माझ्याबरोबर निघाली. टाळ्या पडल्या हो! सरांनी चष्मा काढून पुसला. झालं, त्या दिवसापासून मी नात्यांचा तज्ज्ञ.

पुढची पाच वर्षं मी ती गोष्ट सांगत फिरलो. पाचोऱ्याचे एक नाना ती ऐकून अठरा वर्षांनी बहिणीच्या दारात गेले आणि तिला घेऊन आले. मग पेढे घेऊन माझ्या ऑफिसात. ‘भाऊ, बठ्ठं तुमनामुये घडनं,’ म्हणाले – सगळं म्हणे माझ्यामुळं घडलं. पेढा मी खाल्ला. दुसराही खाल्ला. काय माणूस असेन मी?

धुळ्याची बोलावणी मात्र टाळायचो. गेल्या वर्षी अखाजीच्या चार दिवस आधी तिथल्या एका महिला मंडळानं फारच धरलं. गेलो. दुसरं काही बोलता आलं असतं – पण ती गोष्ट तोंडात इतकी बसली होती, सुरू झाली की संपेपर्यंत थांबायची नाही. सांगितली. उशीर केलास रे, पिशवी, झोका, सगळं.

नंतर मंडळाच्या बाई हसत हसत आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या अक्का शेजारणीबरोबर आल्या होत्या की! मागं बसल्या होत्या. मी विचारलं, खरंच आले होते का हो भाऊ? म्हणाल्या, हो, आला होता.’

मी मागं पाहिलं. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

‘हो, आला होता.’ माझं खोटं तिनं चारचौघांत झाकलं. मी तिला चारचौघांत काय म्हणालो होतो?

या वेळी मी चहासाठीसुद्धा थांबलो नाही. तसाच गेलो. अक्कानं दार उघडलं. रडली नाही. ‘बठ, चहा ठेवस,’ म्हणाली आणि आत गेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभं राहूनच सगळं बोललो. कुलूप, पुणं, टाळ्या, पेढे – आणि आईच्या बाबतीत तू बरोबर होतीस, हेही. तिनं गॅस बारीक केला, पण मागं वळली नाही.

मग म्हणाली, ‘आठ अखाज्या मी पिशवी भरून दारामागं ठेवत होते. दिवस मावळला की रिकामी करायची. यंदा नाही भरणार.’

मी म्हणालो, चल. ती म्हणाली, नाही. चहा चांगला झाला होता.

आणि आता जे सांगतो त्याची लाज वाटते, पण तेही सांगतोच. परतीच्या गाडीत मला हलकं वाटलं. पारोळा कधी आलं कळलं नाही, इतका गाढ झोपलो. ती मात्र घरी एकटीच कप विसळत असेल.

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून पाटीवरची ती ओळ पुसून घेतली. पाचोऱ्याच्या नानांना फोन करून सांगितलं; ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. यंदाच्या अखाजीलाही मी अक्काच्या दारात जाऊन आलो. ती आली नाही.

आता गोष्ट सांगायची वेळ आली तर स्टँडपर्यंतच सांगतो. दोन चहा घेतले आणि परत फिरलो, एवढंच. त्या दिवशी पिशवी भरलेली होती.