चूक दिसली की थांबवणारे सर

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो; मीही जाते. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं, हे त्यांचं पालुपद. चूक दिसली की समोरच्याचं वाक्य मध्येच तोडतात. "मॅडम, सासूबाईंना 'ही इज' म्हणता? मिशा आल्या का त्यांना?" हे त्यांनी मला भर लिफ्टमध्ये ऐकवलंय. मला ही शिस्त पटते. चूक तिथल्या तिथे निस्तरलेली बरी.

वर्गातल्या ज्योतीची दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखत होती. घर तिच्या एकटीवर आहे. सरांनी तिला सरावासाठी उभं केलं. घाबरत घाबरत ती आजारी सासूचं सगळं कसं करते, ते इंग्रजीत सांगू लागली. सर्वनामं, क्रियापदं, सगळ्याची वाट लागली. सर मान हलवत ऐकत राहिले. एकदाही थांबवलं नाही.

"सर, काय काय चुकलं?" ज्योतीनं विचारलं.

"उद्या अस्संच सांग गं. न थांबता."

मला राहवेना. चुका सांगायला मी तोंड उघडलं, तोच सर म्हणाले, "मॅडम, जरा पंखा लावता का?"

मी उठले. पंखा चालूच होता.