जिनातला एकपात्री खेळ
सरकीचा वास आला की अमडापूरच्या कापसाच्या जिनातली ती दुपार आठवते. नागपूरहून आलेला नट एका थोर लेखकाचं आयुष्य एकट्यानंच रंगवत होता. खेळात लेखक म्हातारा झाला आणि नट एकाएकी कोसळला. माझे वडील वैद्य होते. ते धावत जाऊन नाडी पाहू लागले. नटानं त्यांचा हात घट्ट धरला. "बाळा, लिहिण्याच्या नादात तुझ्याकडे पाहिलंच नाही. माफ करशील?" हे नाटकातलंच की काय, कुणालाच कळेना. वडील मात्र रडत म्हणाले, "हाव, बाबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मी विचारलं, "तुमाले नाटक ठाऊक होतं?" "मले काईच समजलं नाही, पोरी," ते म्हणाले. आजोबांनी मरेपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तरी त्या दुपारी माफी कुणाला मिळाली, ते अजून उमगत नाही.