नळीच्या तोंडाचं कुंकू

आमच्या घरातून एक बंदूक गेली आणि दुसरी आली, यात जेमतेम एका पावसाळ्याचं अंतर. गेली ती बाबांची, एकनळी, ठासणीची, शेतराखणीच्या परवान्यावरची. आली ती माझी, निळ्या प्लॅस्टिकची, वायर लावून टीव्हीवर खेळायची. चाळिशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या बाईनं स्वतःच्या पगारातून बंदुकीचा व्हिडिओ गेम मागवावा, हे आमच्या भावकीला काही झेपलं नाही. ‘स्थळं संपली, आता हिला शिकार सुचली,’ असं एक काकू म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांचं खोटं नव्हतं. स्थळं केव्हाच संपली होती.

लहानपणी जत्रेत फुगे फोडायची बंदूक भावाच्या हातात जायची आणि माझ्या हातात त्याच्या चपला. पुढं मोठेपणी मुंबईच्या एका मॉलमध्ये मी पहिल्यांदा तसल्या गेमची बंदूक उचलली. मागं शाळकरी पोरं रांग लावून उभी होती, ‘आंटी, हो गया क्या’ विचारत होती, आणि मी काही बाजूला झाले नाही. आता तोच खेळ घरी खेळता येतो असं कळल्यावर मी कुणाला विचारत बसले नाही. खोपोलीच्या ऑफिसातून आले, खोकं फोडलं आणि टीव्हीसमोर उभी राहिले.

आमचं घर कुंभिवलीवरून आत, हायवेचा आवाज ऐकू येईल पण ट्रक दिसणार नाही इतक्या अंतरावर. मागं भाताची खाचरं आणि त्यांच्या मागं डोंगर. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अर्धं खाचर लोळवून जातात. त्यासाठी बाबांची बंदूक. ती बहुतेक वेळा आवाजासाठीच वापरली जायची, आभाळात बार काढायचा आणि घरी यायचं. पण तरुणपणी बाबांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला होता, हे आम्हाला बाहेरच्या लोकांकडून कळलेलं. बाबा स्वतः नेमाबद्दल बोलत नसत. ते बोलत ते नियमांबद्दल. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायची नाही. नळी नेहमी जमिनीकडं. आणि माणसाकडं नळी धरायची नाही, मग बंदूक रिकामी असो, मोडकी असो, नाहीतर लाकडाची खेळण्यातली असो. भावानं एकदा काठीची बंदूक करून माझ्यावर रोखली होती, तर त्याच काठीनं त्याला प्रसाद मिळाला होता.

निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा ती गोणपाटात गुंडाळून घेऊन जात आणि निकाल लागले की परत आणत. ‘गेली माहेरी,’ असं आई म्हणायची. शेवटच्या निवडणुकीला गेली ती मात्र परत आली नाही. बाबांना कंपवात झाला होता. उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप कापत राहायचा. ठाण्यात त्यांनी स्वतःच सांगितलं की आता ठेवूनच घ्या, मला नको. माजघरातल्या भिंतीवर दोन खुंट्या रिकाम्या राहिल्या आणि आईनं त्यांच्यावर काहीही अडकवलं नाही.

बंदूक जाण्याचं दुःख मी समजू शकले. न समजणारी गोष्ट वेगळीच होती. भावकीतल्या एका लग्नात पंगतीला बसले असताना बाबांच्या हातून वरणाची वाटी कलंडली आणि शेजारच्या पाहुण्याचा झब्बा भिजला. पाहुणा बिचारा काही बोलला नाही. समोरच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून बाबांनी चारचौघांत जेवणं सोडलं. चारचौघांत म्हणजे आमच्यातसुद्धा. मागच्या पडवीत, दाराकडं पाठ करून, चमच्यानं जेवायचे. हात पंचाच्या खाली लपवायचे. मी एकदा चिडून म्हणाले, “बाबा, आमी काय परके हाव?” तर म्हणाले, “पंख्याचा वारा लागतो गं आत.” आमच्या स्वयंपाकघरात पंखाच नाही.

मला त्या पडवीचा राग येई. रोज संध्याकाळी जेवताना त्यांची ती वाकलेली पाठ दिसायची. माणूस दुखण्यानं खचतो ते एकवेळ ठीक, पण आपल्याच घरात पाहुण्यासारखा लाजून बसतो हे मला बघवत नव्हतं. आई म्हणायची, धर तग, येतील. मला तग धरता येत नाही. मी गेम खेळायची.

गेममध्ये मढी चालून यायची. स्मशानातून उठलेली, हात पुढं केलेली, आणि मी त्यांना धडाधड गोळ्या घालायची. एक दिवस बाबा पडवीतून माजघरात येताना थांबले.

“ही कोन गं, लोकं?”

“लोकं नाय बाबा, मेलेली हायत ती.”

“मंग परत कशाला मारतेस? सुखानं मेली हायत तर राहू दे.”

मी तो गेम बंद करून दुसरा लावला, त्यात जत्रेतल्यासारखे फुगे होते, डबे होते आणि उडणारी पत्र्याची बदकं. बाबा उभेच होते. टीव्हीच्या चित्राला कडेनं पांढरी चौकट होती, ती कशाला म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की बंदुकीच्या नळीच्या तोंडात एक बारीक कॅमेरा असतो, त्याला ती चौकट दिसली की आपण कुठं नेम धरलाय ते त्याला कळतं.

“म्हणजे हिला डोळा हाय?”

“हाय. नळीच्या तोंडात.”

“बरं हाय. आमच्या बंदुकीला डोळा आमचाच लावाय लागायचा.”

एवढं बोलले आणि हात पुढं केला. मी बंदूक दिली. त्यांनी आधी नळी जमिनीकडं केली, मग डावा तळवा खाली धरून ती सावकाश वर आणली. आणि उजवा हात थांबला. खरोखर थांबला. हात निवांत असला की कापतो, कामाला लावला की थोडा वेळ कमी होतो, असं कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आम्हाला. आम्ही ते ऐकून सोडून दिलं होतं. घास तोंडाकडं नेताना हात मध्येच पुन्हा सुरू व्हायचा, इथंही होत होताच. पण नेम धरल्यावरचा जो थोडा वेळ मिळायचा तो बाबांनी ओळखला. त्या वेळात त्यांनी चाप ओढला. बंदुकीनं हाताला धक्का दिला, डबा उडाला. “धक्का देते गं ही,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कितीतरी दिवसांनी बघत होते. मला रडू आलं. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

मग रोजचाच नेम झाला. पण बाबांचं खेळणं म्हणजे कंपनीनं केलेल्या सगळ्या नियमांची पायमल्ली. गोळ्या संपल्या की पडद्याच्या बाहेर नेम धरून चाप ओढायचा, मग गोळ्या भरतात. टीव्हीच्या शेजारी आई मेथी निवडत बसलेली. बाबा म्हणाले, “भाएर तुजी आय बसलीय.” मी म्हटलं खोटी बंदूक आहे, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काठी आठवून गप्प बसले. शेवटी ते नळी जमिनीकडं करून चाप ओढू लागले आणि तेही चाललं. घड्याळ पळत असायचं, बदकं उडून जायची, बाबा हात थांबायची वाट बघायचे. गुण कमी पडायचे. खेळ संपल्याची पाटी आली की म्हणायचे, “ह्याला घाई फार.” आई मेथीतून मान वर न करता म्हणायची, “तुमाला तरी कुठं कमी होती.”

जेवायला मात्र पडवीतच. बंदूक ठेवली की हात पुन्हा पंचाखाली. मी रोज मनात म्हणायची, आज येतील.

खंडेनवमीला नेरळहून भाऊ आणि वहिनी आले. माजघरात आईनं पाट मांडला. कोयता, विळे, कुदळ, पहार, तिची किसणी, माझा लॅपटॉप. मधली लांब जागा बंदुकीची, ती रिकामी. बाबांनी त्या जागेकडं बघितलं आणि उठून टीव्हीखालची निळी बंदूक घेऊन आले. भाऊ हसला. “हसतोस काय,” बाबा म्हणाले, “वर्सभर हातात आली ती. ही बी बंदूकच.” वर्षभर नव्हे, जेमतेम दोनेक महिने झाले होते, पण कुणी दुरुस्ती केली नाही. त्यांनी तिला जुन्या बंदुकीसारखीच हळद-कुंकवाची बोटं लावली. ओल्या बोटानं एक मुठीला आणि एक, नेहमीप्रमाणं, नळीच्या तोंडाला. वर झेंडूचं फूल. बाबांचा हात कापत होता, कुंकू जरा पसरलं. पूजेची हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, म्हणून बंदूक रात्रभर पाटावरच राहिली.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवली, आपट्याची पानं दिली-घेतली. आई स्वयंपाकाला लागली. भाऊ म्हणाला, “बाबा, दाखवा की तुमचा नेम. ही फोनवर लय सांगते.” बाबा आढेवेढे न घेता उभे राहिले. वहिनी दारात येऊन थांबली. बाबांनी नळी वर आणली, हात थांबला, चाप ओढला. काही नाही. फुगा तसाच. पुन्हा ओढला. नेमाचा ठिपका पडद्यावर उजवीकडं एका कोपऱ्यात उड्या मारत होता. बाबांनी पाय बदलले, कोपर छातीला टेकवलं, पुन्हा वाट बघितली. एकही फुगा फुटला नाही. खेळ संपल्याची पाटी आली.

“ऱ्हाऊ दे बाबा, टीव्हीच खराब असंल,” भाऊ म्हणाला. तो चांगुलपणानं म्हणाला, पण त्याच्या आवाजात जी काळजी होती ती बाबांनी ऐकली.

“टीव्हीला काय झालंय,” ते म्हणाले. “हात गेला आता.”

बंदूक टेबलावर ठेवली, तीही नळी भिंतीकडं करून, आणि पडवीत निघून गेले. आईनं त्यांचं ताट वेगळं काढलं. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना. मी बंदूक उचलली आणि स्वतः फुग्यावर धरली. माझाही ठिपका त्याच कोपऱ्यात उडत होता. मग मी नळी उलटी करून बघितली. त्या बारक्या काचेवर हळद-कुंकू वाळून बसलं होतं. बंदुकीचा डोळाच बुजला होता.

मी तशीच पडवीत गेले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, समोर ताट यायचं होतं. मी खाली बसून नळी त्यांच्याकडं नाही, वर छपराकडं धरली आणि त्यांना म्हटलं, “बाबा, हिच्या तोंडात बघा.” त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मीच लावलं,” ते म्हणाले.

“तुमीच. हात गेला नाय. हिला दिसत नवतं.”

मी पुसायला ओढणीचं टोक पुढं केलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. “पूजा मी केलीय. मीच उतरवतो.” पंचाचं टोक तोंडात ओलं केलं, बोटावर गुंडाळलं आणि पुसायला लागले. हात कापत होता, बोट काचेवरून सरकत होतं, कुंकू आधी आणखीच पसरलं. मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिले, कारण ते पुढं आले असते तर मी ती बंदूक हिसकावून घेतली असती. किती वेळ गेला कोण जाणे, आतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता आणि आई दोनदा हाक मारून गेली.

माजघरात येऊन त्यांनी बंदूक उचलली. नळी खाली, मग वर. हात थांबला. फुगा फुटला. दुसरा हुकला. तिसरा फुटला. भावानं टाळी वाजवली, बाबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. आणखी बदकं यायची होती, घड्याळ पळत होतं, पण त्यांनी नळी जमिनीकडं केली आणि बंदूक माझ्या हातात दिली.

“बास. भूक लागली.”

आई त्यांचं ताट घेऊन पडवीच्या दारापर्यंत पोचली होती. बाबा स्वयंपाकघरात आले, भावाच्या आणि वहिनीच्या मधला पाट ओढला आणि बसले. “हितंच वाढ,” म्हणाले. चमचा ताटात होता तो त्यांनी उचलून बाहेर ठेवला. वरणभात कालवला. घास उचलला तसा हात सुरू झाला, अर्धा घास तोंडात गेला आणि अर्धा ताटाबाहेर, काही शितं वहिनीच्या साडीवर. वहिनीनं मान खाली घातली. भाऊ छताकडं बघायला लागला.

बाबांनी सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. हात पंचाखाली नेला नाही.

“नेम हाय अजून,” ते म्हणाले. “घास तेवढा सांडतो.”

आईनं सांडलेली शितं तशीच राहू दिली आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.