बाई वाकली की मीही वाकायचे

आमचा स्टुडिओ शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून दुबईला हलला, तेव्हा जुन्या टेपा, खुर्च्या, पडदे सगळं एका पिकअपमध्ये भरून टाकून दिलं. किस्से मात्र कुणी टाकायला तयार होईना. उलट दर वर्षी त्यांना नवे फुटवे येतात. परवा आम्ही जुनी मंडळी जेवायला जमलो, तर ताटातली बिर्याणी गार झाली आणि विषय एकच चालू राहिला. बाई!

बाई म्हणजे जपानमधली मोठी नटी. तिकडे म्हणे तिला रस्त्यातून चालायची सोय नव्हती. नव्वदच्या दशकात एका जपानी कंपनीच्या जाहिरातींत तीच असायची. राइस कुकर, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, जे काही असेल ते बाईच्या हातात. त्या जाहिराती आखातात दाखवायच्या तर तिला अरबी आणि हिंदी बोलायला लावायचं होतं. अरबी आवाज बैरूतची एक मुलगी द्यायची. हिंदी आवाज माझा. मी वैशाली, मूळची ठाण्याची, नवऱ्यामागून शारजाला आलेली. नाटकात कधी साधं झाडाचंही काम केलं नव्हतं.

*

माझी निवड कशी झाली, तेही ऐका. मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस स्टुडिओच्या मागच्या गल्लीत होतं. त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर स्टुडिओखालच्या गॅरेजवाल्या गुलखाननं आमच्या गाडीमागे ट्रक लावून ठेवलेला. मी त्याच्याशी हिंदीत कडाकडा भांडत होते.

वरच्या खिडकीतून स्टुडिओचे मालक नबीलसाहेब डोकावले. लेबनीज माणूस, आवाज भारदस्त. "मॅडम, यल्ला, ऊपर आओ!"

मला वाटलं, आता हेही भांडणार. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला, माइकसमोर बसवलं आणि म्हणाले, "सेम व्हॉइस. ओन्ली हॅपी."

*

पहिली जाहिरात राइस कुकरची. बाई झाकण उघडते, वाफेचा वास घेते, काड्यांनी भाताचा घास उचलते. आमच्या हिंदी कागदावर होतं, "एक-एक दाना खिला-खिला!" मी जीव ओतून म्हटलं. सगळे खूश झाले.

जाहिरात लागली त्याच संध्याकाळी शेजारच्या कुलकर्णीकाकू दारात हजर. "अगं, आवाज गोड लागलाय हो तुझा. पण त्या बाईच्या भाताचा पार गिच्च गोळा झालाय, आणि तू मोकळा कसला म्हणतेस?"

बरोबरच होतं त्यांचं. काड्यांनी उचलायचा तर भात चिकटच हवा, आणि जपान्यांना त्याचंच कौतुक. स्टुडिओत एवढी डोकी होती, पण भाताकडे एकानंही पाहिलं नव्हतं. कंपनीचे ओकादा-सान प्रत्येक जाहिरात स्वतः तपासायचे. त्यांना मी समजावलं की आमच्याकडे असा भात झाला तर सासू बोलते.

ओकादा-साननी वही-पेन काढलं. मग अगदी आदरानं त्यांनी विचारलं, "वैशाली-सान, व्हॉट एक्झॅक्टली डझ शी से?"

*

घरी माझी मुलगी ईशा. जन्म शारजाचा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. टीव्हीवर बाई बोलायला लागली की ती एकदा पडद्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

एकदा अभ्यासावरून मी तिला झापत होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, यू आर सो मच नाइसर ऑन टीव्ही."

मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाईच्या आवाजात, मध घालून म्हटलं, "ईशाबाळ, गणिताचं पुस्तक उघडतेस का?"

पोरीनं पटकन पुस्तक उघडलं. "ओके, ओके. नाऊ आय ॲम स्केअर्ड."

*

गुलखानचा किस्सा राहिलाच. खाली त्याच्या पत्र्यावर हातोडे पडायचे आणि वर आमचं रेकॉर्डिंग अडायचं. त्याची जेवणाची आणि नमाजाची वेळ हाच आमचा मुहूर्त. मग एकदा कॅफेटेरियातल्या टीव्हीवर त्यानं बाईला पाहिलं आणि धावत वर आला. मला तो बाजी म्हणायचा, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. "बाजी, जापान में भी आप ही लड़ती हो?"

त्या दिवसापासून आमचा लाल दिवा लागला की खालचे हातोडे आपोआप थांबायचे. कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी विसरायची नाही.

सुट्टीवर जाताना तो पेशावरला तोच कुकर घेऊन गेला. परत आला तो तक्रार घेऊनच, आणि तक्रार थेट माझ्याकडे. "बाजी, अम्मा सारा दिन बैठी रही. आपने बताया ही नहीं कि इसकी सीटी नहीं बजती!"

*

आता वाकण्याचं. प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी बाई कमरेत वाकून आभार मानायची. त्या जागी मला "शुक्रिया" म्हणायचं असे. ताठ बसून मला ते जमेचना. समोर पडद्यावर एवढी मोठी नटी वाकते आणि आपण खुर्चीत रेलून शुक्रिया म्हणायचं? मीही वाकायचे. आणि दर वेळी कपाळ माइकवर. ठप्प!

आमचा साउंडवाला जोसेफ, कोट्टायमचा. मला चेच्ची म्हणायचा, म्हणजे ताई. हेडफोन काढून म्हणायचा, "चेच्ची, माइक को भी नमस्ते हो गया. वन मोर."

शेवटी नबीलसाहेबांनी माझी ओढणी खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवली. मग ठप्प आवाज आला नाही, पण शुक्रियाही बांधून घातल्यासारखाच आला. "खलास," साहेब म्हणाले, "सोडा तिला." जोसेफनं भांडी घासायचा नवा पिवळा स्पंज आणला आणि माइकच्या वरच्या अंगाला दोरीनं बांधला. तो तिथेच राहिला. पाहुणे आले की त्यांना आधी तो स्पंज दाखवायचा, मग मला, असा स्टुडिओचा रिवाज पडला.

*

आणि मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच होती. पण आवाज परत आला तो जाडाभरडा, मीच ओळखू नये असा. त्याच सुमाराला मिलिंदची कंपनी बंद पडली. उम्म अल कुवैनला त्याला कसंबसं हंगामी काम मिळालं होतं. आता माझंही काम गेलं तर ईशाची शाळा सोडवून, बाडबिस्तरा गुंडाळून ठाण्याला परतायचं, हे आमचं ठरल्यातच जमा होतं.

आणि खरं सांगू? मला नुसती काम जाण्याची भीती नव्हती. इतकी वर्षं मी बाईच्या तोंडानं हसले होते. ते गेलं तर मी मुकीच होणार, असं वाटायचं.

कंपनीनं मुंबईहून एक नवी मुलगी बोलावली. गोड गळा, शिकलेली, वागायलाही चांगली. तिनं माइककडे पाहून विचारलं, "ये स्पंज क्यों है?" जोसेफनं तो सोडला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तिचं रेकॉर्डिंग झालं. मग नबीलसाहेब म्हणाले, "वैशाली भी एक बार करेगी." ती बाजूला झाली आणि मीही केलं, त्या नव्या, जाड्या आवाजात, स्पंज नाही म्हणून कपाळ सांभाळून. जोसेफनं आवाज थोडा वर घेतला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात बाई स्वतः दुबईत आली, शोरूमच्या उद्घाटनाला. ओकादा-सान तिला आमच्या स्टुडिओत घेऊन आले. पडद्यावर दिसायची त्याहून लहानखुरी, साधा पांढरा शर्ट, केस मागे बांधलेले. खाली गुलखाननं सगळं गॅरेज थांबवलं होतं. मी कोपऱ्यात उभी. कोणता आवाज कुणाचा, हे तिला सांगायचं नाही असं ठरलं होतं. हिंदीचा तर तिला गंधही नव्हता.

तिनं हेडफोन लावले आणि डोळे मिटून दोन्ही ऐकले. मग खूण करून फक्त शेवटचे शब्द पुन्हा मागितले. पहिला शुक्रिया. दुसरा शुक्रिया.

डोळे उघडून ती जपानीत हळू काहीतरी बोलली. ओकादा-सान भाषांतर करायला तोंड उघडायचे आणि थांबायचे. नबीलसाहेबांचा धीर सुटला. "हबीबी, व्हॉट शी सेज?"

ओकादा-सान म्हणाले, "मॅडम सेज, फर्स्ट लेडी इज व्हेरी गुड. बट फर्स्ट लेडी इज सिटिंग." मग ते माझ्याकडे वळले आणि किंचित वाकून दाखवत म्हणाले, "सेकंड लेडी इज बाउइंग."

 जोसेफ उठला, त्यानं ड्रॉवर उघडला आणि पिवळा स्पंज काढून माइकला बांधायला लागला.